हेळसांड झालेला इग्वाना घरी आला तर: ऊब, पाणी, अन्न, याच क्रमाने

दुकानात हिरवा इग्वाना, म्हणजे परदेशातून आलेला मोठा पालाखाऊ सरडा, विकायला असतो तेव्हा त्याचं धड बोटाएवढं असतं. रंग पोपटी, डोळे चकचकीत. दुकानदार सांगतो, "काही लागत नाही याला, भाजी खातो." तीन-चार वर्षांत तो शेपटीसकट चार-पाच फुटांचा होतो. मग कोणाची नोकरी बदलते, कोणाचं लग्न ठरतं, कोणाचा घरमालक नको म्हणतो, आणि माशांच्या काचेच्या टाकीत साध्या पिवळ्या बल्बखाली वाढलेला तो जीव "कोणी घेतं का" म्हणून या घरातून त्या घरात फिरतो. तुमच्याकडे येईपर्यंत जबडा मऊ झालेला असतो, मागचे पाय सुजलेले असतात आणि पोट खपाटीला गेलेलं असतं.

असे इग्वाना मी माझ्या घरी ठेवून बरे केले आहेत, काहींना वाचवता आलं नाही. नव्याने हे करणाऱ्याला एकच गोष्ट सांगायची तर ती क्रमाची: आधी ऊब, मग पाणी, मग अन्न. माणसं बरोबर उलटं करतात. उपाशी दिसला की ताटलीभर पालक पुढे ठेवतात, खाल्लं नाही तर तोंड उघडून भरवतात. इग्वानाचं शरीर स्वतः उष्णता तयार करत नाही. त्याचं पचन बाहेरच्या उबेवर चालतं. थंड पडलेल्या इग्वानाच्या पोटात गेलेला पाला पचत नाही, तिथेच सडतो. शिवाय फार दिवस उपाशी असलेल्या प्राण्याला एकदम भरपेट घातलं की रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम झपाट्याने उतरतं आणि तो खाऊन मरतो.

१. आधी खात्री करा की तो इग्वानाच आहे

"मोठा हिरवा सरडा सापडलाय" असा फोन येतो तेव्हा फोटो मागवा. इग्वानाच्या कानाच्या पडद्याखाली एक मोठा गोल खवला असतो. तो दिसला की पुढचं बघायची गरजच नाही. शिवाय गळ्याखाली लोंबणारी झालर आणि मानेपासून पाठीवर उभी काट्यांची रांग असते.

जीभ सापासारखी दुभंगलेली असेल आणि पाठीवर काटे नसतील, तर ती घोरपड आहे. घोरपड आपल्याकडचा वन्यप्राणी आहे, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे. तिला, किंवा आपल्याकडच्या रंग बदलणाऱ्या सरडगुहिऱ्याला, "दोन दिवस सांभाळतो" म्हणूनही घरी ठेवता येत नाही. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. ते येईपर्यंत हवेची भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा. इथून पुढचं सगळं फक्त हिरव्या इग्वानाबद्दल आहे.

२. प्राणी हातात घेण्याआधी कागद हातात घ्या

हे रुक्ष वाटतं, पण सोडून देणारा माणूस एकदा गेला की पुन्हा फोन उचलत नाही.

हिरवा इग्वाना हा सायटिस (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा करार) याच्या परिशिष्ट २ मधला प्राणी आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि सायटिसमधल्या प्रजाती त्या कायद्याच्या अनुसूची ४ मध्ये आल्या. फेब्रुवारी २०२४ च्या नियमांप्रमाणे असा जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने 'परिवेश २.०' या सरकारी पोर्टलवर नोंदणी करायची असते, आणि प्राणी नव्याने ताब्यात आला तर ३० दिवसांच्या आत. मृत्यू झाला किंवा दुसऱ्याकडे दिला तरी कळवावं लागतं. "आजारी होता, माणुसकी म्हणून घेतला" ही सबब या नियमात बसत नाही, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात अर्ज भरायला बसा.

मागून घ्यायचे कागद:

- आधीच्या मालकाची परिवेशवरची नोंदणी. काही जुन्या मालकांकडे २०२० च्या, परदेशी प्राणी स्वतःहून जाहीर करायच्या, स्वेच्छा-घोषणा योजनेचं प्रमाणपत्रही असतं.
- खरेदीची पावती, असल्यास.
- सहीचं पत्र: प्राणी कधीपासून होता, कोणत्या तारखेला, कोणाला आणि का दिला.
- देणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत.
- जुने एक्स-रे आणि औषधांच्या चिठ्ठ्या.

आणि तिथल्या तिथे फोटो काढा. डोक्याच्या दोन्ही बाजू, पाठ, शेपटी, चारही पंजे. नोंदणीला उपयोगी पडतात, शिवाय सुधारणा मोजायलाही हेच फोटो लागतात.

विचारायचे प्रश्न चारच: काय खायला घालत होता, बल्ब कोणता होता, शेवटची शी कधी झाली, कधी पडला का. उत्तर बहुतेक वेळा "सगळं खातो" असं येतं. त्या "सगळं"मध्ये पोळी, उकडलेलं अंडं, पनीर, मांजराचा कोरडा खाऊ निघाला तर ते लिहून ठेवा, डॉक्टरांना सांगायचं आहे. इग्वाना पूर्ण शाकाहारी आहे. वर्षानुवर्षं प्राणिज प्रथिनं खाल्लेल्या इग्वानाची मूत्रपिंडं निकामी होतात, आणि ते बाहेरून बराच काळ दिसत नाही.

३. सामान आणून ठेवा

आजारी इग्वानाला मोठा, उंच, फांद्यांनी सजवलेला पिंजरा नको. चढला की पडेल, पडला की हाड मोडेल. तीन-चार फूट लांब, बुटका, हवा खेळती असलेला कप्पा किंवा मोठा प्लॅस्टिकचा क्रेट पुरे. तळाला वर्तमानपत्र. वाळू आणि लाकडाचा भुसा दिसायला छान दिसतात, पण ते पोटात जाऊन आतडं बंद करतात.

बाकीचं:

- शेकायचा बल्ब आणि रात्रीसाठी सिरॅमिक हीटर (उजेड न पाडता उष्णता देणारा), दोन्हीला जाळीचं आवरण.
- थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला हीटर आपोआप चालू-बंद करणारा). हीटर आहे आणि थर्मोस्टॅट नाही, असं करू नका.
- प्रोब असलेले दोन डिजिटल थर्मामीटर, दोन टोकांना एकेक. काचेवर चिकटवायची पट्टी खोटं सांगते.
- यूव्हीबी ट्यूब.
- स्वयंपाकघरातला असतो तसा ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा, फक्त त्याच्यासाठी.
- आंघोळीचा टब, तोही फक्त त्याच्यासाठी.
- सुई नसलेल्या लहान सिरिंज, मऊ टॉवेल, पाण्याचा फवारा.
- फॉस्फरस नसलेली साधी कॅल्शियम कार्बोनेट पावडर.

यूव्हीबीच्या बाबतीत बाजारात इतकी फसवणूक आहे की इथे थांबायलाच हवं. इग्वानाच्या कातडीत ड जीवनसत्त्व तयार व्हायला २८० ते ३१५ नॅनोमीटरचे किरण लागतात. ते नसतील तर कितीही कॅल्शियम चारा, ते अंगी लागत नाही. साधा पिवळा बल्ब यूव्हीबी देत नाही. 'रेप्टाइल बल्ब' असं नाव छापलेले अनेक शेकायचे बल्बही देत नाहीत. खोक्यावर टक्केवारी किंवा ५.०, १०.० असा आकडा नसेल तर दुकानात परत ठेवा. शक्यतो लांब टी-५ ट्यूब घ्या. ती इग्वानाच्या पाठीपासून साधारण ३० ते ४५ सेंटिमीटरवर, मध्ये काच किंवा प्लॅस्टिक न येऊ देता लावायची. रोज १२ तास. चांगली ट्यूबही वर्षभराने बदलावी लागते, कारण उजेड तसाच दिसत राहतो आणि यूव्हीबी संपलेलं असतं.

सगळ्यात धोकादायक गोंधळ: पाणी किंवा खोली निर्जंतुक करायची 'यूव्ही' ट्यूब. ती यूव्हीसी असते. ती इग्वानाचे डोळे जाळते आणि तुमचेही. ऑनलाइन शोधताना दोन्ही शेजारी शेजारी दिसतात.

तळाला ठेवायचे 'हॉट रॉक' नावाचे तापणारे दगड घेऊच नका. पोट भाजेपर्यंत इग्वाना त्यावरून उठत नाही.

४. पहिला दिवस: फक्त ऊब आणि शांतता

आणताना कापडी पिशवी किंवा भोकं पाडलेलं खोकं वापरा, सोबत टॉवेलात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली. गाडीतला एसी बंद. डिसेंबरच्या पुण्यात रात्री दुचाकीवरून आणणार असाल तर सकाळपर्यंत थांबा. थंडी इग्वानाला काय करते याचं उदाहरण फ्लोरिडात दर काही हिवाळ्यांनी दिसतं. तापमान पाच-सात अंशांवर उतरलं की झाडांवरचे इग्वाना आखडून खाली पडतात. २१ जानेवारी २०२० ला मायामीच्या हवामान कार्यालयाने लोकांना तसा इशाराच दिला होता.

शेकायच्या जागी ३४ ते ३६ अंश सेल्सियस, थंड टोकाला २६ ते २८, रात्री २४ च्या खाली नाही. पण गारठलेल्या इग्वानाला थेट ३५ अंशांखाली ठेवू नका. त्याला तिथून सरकायचीही ताकद नसते. आधी सगळा कप्पा २८-२९ वर आणा, तास-दोन तास जाऊ द्या, तो स्वतः हलायला लागला की शेकायचा बल्ब लावा. एका बाजूला लपायला आडोसा हवाच, पुठ्ठ्याचं खोकंही चालतं. तीन बाजूंनी कापड टाका. मुलं, कुत्रा, बघायला आलेले शेजारी, सगळ्यांना बाहेर ठेवा.

रंग काळपट किंवा तपकिरी असेल तर घाबरू नका. ऊन शोषून घ्यायला इग्वाना गडद होतो, भीतीनेही होतो. उबेत काही तासांनी हिरवा उजळला तर ते पहिलं बरं लक्षण.

वीज जाते त्या भागात राहत असाल तर दोन गरम पाण्याच्या पिशव्या आणि जुनी गोधडी हाताशी असू द्या.

उचलताना एक हात छातीखाली, दुसरा कमरेखाली. शेपटी धरायची नाही, ती तुटते. परत उगवते, पण काळी, आखूड आणि बिनकाट्याची, आणि ती उगवण्यात जो जोर जातो तो त्याच्याकडे आत्ता नाही. वरून घारीसारखा हात आणू नका, बाजूने न्या.

५. पाणी

डोळे खोल गेलेत, कातडीच्या सुरकुत्या ओढल्यावर तशाच राहतात, तोंडातली लाळ चिकट आहे, तर पाणी कमी पडलंय. शी बघा. तिच्यातला पांढरा भाग पातळसर असायला हवा. तो पिवळट, खडूच्या भुग्यासारखा कडक आला तर तो इग्वाना बऱ्याच दिवसांपासून तहानलेला आहे.

दिवसातून एकदा कोमट पाण्यात बसवा, सुमारे २९-३० अंश, पाणी त्याच्या कोपरापर्यंतच. पंधरा-वीस मिनिटं, आणि तेवढा वेळ तुम्ही तिथून हलायचं नाही. अशक्त इग्वाना चार बोटं पाण्यातही बुडतो. बहुतेक इग्वाना टबमध्ये पाणी पितात आणि तिथेच शी करतात, जी डॉक्टरांना तपासायला लागणारच आहे. वाटीतलं पाणी अनेकांना ओळखताच येत नाही. त्यांना नाकपुडीच्या पुढे ओठावर थेंब थेंब सोडा, चाटतील. तोंडात पिचकारी मारू नका, पाणी श्वासनलिकेत जातं.

कप्प्यातली आर्द्रता ६० ते ७० टक्के हवी. मुंबई-कोकणात हा प्रश्न येत नाही. पुणे, नाशिक, नागपूरकडे उन्हाळ्यात दिवसातून दोन-तीनदा फवारा मारावा लागतो.

नाकातून शिंकून पांढरी पूड उडाली तर सर्दी समजून औषध आणायला धावू नका. इग्वाना अंगातलं जादा मीठ नाकातून बाहेर टाकतो. काचेवर पांढरे ठिपके दिसतात ते तेच. नाकातून चिकट बुडबुडे येत असतील, तोंड उघडं ठेवून श्वास घेत असेल, तर मात्र न्यूमोनियाची शंका घ्यायची.

६. डॉक्टर: दोन दिवसांच्या आत

सरपटणारे प्राणी पाहणारे व्हेट (पशुवैद्य) मोठ्या शहरांतही थोडे आहेत, म्हणून प्राणी घेण्याआधीच फोन करून ठेवा. विचारा: इग्वाना पाहता का, एक्स-रेची सोय आहे का, रक्ततपासणीत कॅल्शियम, फॉस्फरस आणि यूरिक अ‍ॅसिड करता येईल का. चांगला व्हेट उलट तुम्हालाच विचारतो: तापमान किती ठेवलंय, ट्यूब कोणती, खाणं काय. यातलं काहीच न विचारता जो थेट इंजेक्शन भरतो, तिथून निघायला हरकत नाही.

पुढीलपैकी काही दिसलं तर दोन दिवस थांबू नका, त्याच दिवशी न्या: बोटं किंवा पाय थरथरणं, झटके, मागचे पाय फरपटणं, उघड्या तोंडाने श्वास, गुदद्वारातून काही बाहेर आलेलं असणं, मादीचं पोट फुगून खाणं बंद होणं. शेवटचं अनेकांना माहीत नसतं. मादी इग्वाना नराशिवायही अंडी धरते, कधी कधी डझनांनी, आणि खणायला माती नसेल तर ती आतच अडकतात.

रक्तात फॉस्फरस कॅल्शियमपेक्षा वर गेलं असेल तर मूत्रपिंडांबद्दल स्पष्ट विचारा. इंजेक्शनं शरीराच्या पुढच्या अर्ध्या भागात द्यायचा प्रघात आहे, कारण मागच्या पायांतलं रक्त आधी मूत्रपिंडांकडे जाऊ शकतं. एक्स-रेच्या वेळी अनुभवी व्हेट कापसाचे बोळे बंद डोळ्यांवर ठेवून हलकी पट्टी बांधतात. त्या दाबाने इग्वाना शांत पडून राहतो, भूल लागत नाही. हे घरी करून बघायचं नाही.

७. मऊ हाडांचा आजार

हेळसांड झालेल्या दहापैकी किती इग्वानांना हा असतो असं विचारलंत तर मी सरळ "धरून चाला" म्हणेन. इंग्रजी नावाच्या (मेटाबॉलिक बोन डिसीज) आद्याक्षरांवरून याला 'एमबीडी' म्हणतात. यूव्हीबी नाही, खाण्यात कॅल्शियम नाही, म्हणून रक्तातलं कॅल्शियम घसरतं. हृदय आणि स्नायू चालायला तर ते लागतंच, म्हणून मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांमधून कॅल्शियम ओढायला लावतात. पोकळ झालेल्या हाडाला आधार म्हणून शरीर त्याभोवती तंतू भरतं. त्यामुळे मांड्या गुबगुबीत दिसतात आणि मालक सांगतो, "बघा, तब्येत चांगली आहे." खालचा जबडा रबरासारखा लवतो, आखूड होतो. पाठ वाकडी होते. आतडी मंदावतात, शी होत नाही.

उपचार व्हेट ठरवतील. सहसा तोंडाने द्यायचं कॅल्शियम द्रव असतं आणि त्याचा डोस वजनावर असतो, म्हणून काटा. झटके येत असतील तर कॅल्शियमचं इंजेक्शन, तेही दवाखान्यातच. ड जीवनसत्त्वाचं इंजेक्शन किंवा थेंब मनाने देऊ नका. त्याचा अतिरेक झाला तर रक्तवाहिन्या आणि मूत्रपिंडांत कॅल्शियम साचतं.

घरातल्या मुलांच्या किंवा कुत्र्याच्या कॅल्शियम सिरपची बाटली उचलण्याआधी मागचं लेबल वाचा. त्यातल्या बऱ्याच सिरपमध्ये कॅल्शियम फॉस्फेट असतं. म्हणजे जे कमी करायचं आहे तेच आपण पाजतो.

आणि ऊन. हे फुकटचं औषध परदेशातल्या इग्वाना पाळणाऱ्यांना वर्षातले अनेक महिने मिळत नाही, आपल्याला पावसाळा सोडला तर रोज मिळतं. सकाळी साडेआठ ते दहाच्या दरम्यान, जाळीच्या पिंजऱ्यात, अर्ध्या भागावर सावली टाकून, पंधरा मिनिटांपासून सुरुवात. बंद खिडकीतून आलेल्या उन्हाचा उपयोग नाही, काच यूव्हीबी अडवते. मच्छरदाणीची बारीक जाळीही बराच भाग अडवते. काचेची टाकी उन्हात ठेवली तर आतला इग्वाना काही मिनिटांत उकडून मरतो, हे होतं म्हणून लिहितोय. पिंजऱ्याजवळ कोणीतरी बसून राहायचं. गच्चीत घारी, कावळे आणि मांजरं असतात.

८. अन्न: थोडं, बारीक, रोज

एक-दोन दिवस ऊब आणि पाणी मिळून हालचाल सुरू झाली की अन्न. सकाळी शेकून तासभर झाल्यावर द्या. पहिल्या दिवशी चमचाभर, मग आठ-दहा दिवसांत हळूहळू पूर्ण ताटली. रात्री पोट भरलेलं आणि कप्पा थंड, असं होऊ द्यायचं नाही.

सूत्र असं की अन्नात कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट तरी हवं. आपल्या बाजारात याचा फार त्रास नाही. शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं आणि फुलं, तुतीची कोवळी पानं, हे मुख्य. जोडीला थोडी मेथी, कोथिंबीर, किसलेला लाल भोपळा, दुधी, फरसबी, भेंडी. पपई किंवा अंजीर चवीपुरतं. रुसलेल्या इग्वानाला जास्वंदीचं लाल फूल दाखवून बघा, नाही म्हणणारा विरळा.

पालक, चाकवत, राजगिरा, माठ टाळा. त्यांतलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. कोबी-फ्लॉवर क्वचित. काकडी आणि लेट्यूसने पोट भरतं, हाती काही लागत नाही. अ‍ॅव्होकॅडो विषारी. फुलवाल्याची फुलं आणि रस्त्याकडेचा पाला नको, फवारणी आणि धुराळा दोन्ही असतात. बाल्कनीत मोकळा सोडणार असाल तर कण्हेर आधी काढून टाका.

सगळं अगदी बारीक चिरा. जबडा मऊ आहे, तोडून खाता येत नाही. कॅल्शियम पावडर चिमूटभर वरून भुरभुरा, व्हेटने द्रव दिलं असेल तर दोन्हींचं मिळून प्रमाण विचारा.

तरीही खात नसेल तर शिजवलेल्या भोपळ्याचा पातळ लगदा सिरिंजने ओठावर लावा, चाटायला लागतो. मऊ जबडा बोटांनी किंवा चमच्याने उघडू नका, तो मोडतो. नळीने भरवायची वेळ आली तर ते काम व्हेटचं.

९. कात, बोटं, किडे, गाठी

इग्वाना कात सापासारखी सलग टाकत नाही, तुकड्या-तुकड्यांनी टाकतो. अडकलेली कात बोटांवर आणि शेपटीच्या टोकाला कडी करून बसते, पुढे रक्तपुरवठा थांबून ते टोक काळं पडतं. आंघोळीनंतर ओल्या मऊ कापडाने चोळा. सुटेल तेवढीच सोडवा, ओढू नका.

डोळ्यांच्या कडेला, झालरीच्या घडीत लाल-काळे हलणारे ठिपके दिसले तर ते माइट, म्हणजे रक्त पिणारे बारीक किडे. कुत्र्याची गोचीड-पावडर अजिबात वापरायची नाही. वर्तमानपत्र रोज बदला, फांद्या आणि पुठ्ठे फेकून द्या, औषध विचारून घ्या.

शीच्या तपासणीत बारीक कृमी निघाले तर लगेच जंताचं औषध द्यायचा आग्रह धरू नका. पाला खाणाऱ्या सरड्यांच्या पोटात काही कृमी नेहमीच राहतात. किती आणि कोणते, यावर व्हेट ठरवतील. जबड्यावर किंवा पायावर टणक गाठ आली तर तो गळू असू शकतो. सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू पातळ नसतो, घट्ट गोळा असतो, म्हणून मलमाने फुटत नाही, कापून काढावा लागतो.

१०. घरातल्यांसाठी

धडधाकट दिसणाऱ्या इग्वानाच्या शीतही साल्मोनेला (माणसाला जुलाब-ताप आणणारा जंतू) असू शकतो. त्याची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायची नाहीत. प्रत्येक वेळी हात साबणाने. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बाई, केमोथेरपी घेणारं कोणी घरात असेल तर प्राणी दुसऱ्या कोणाकडे ठेवा. यात तडजोड करू नये असं माझं मत आहे. आणखी कोणता सरपटणारा प्राणी असेल तर त्याला निदान दोन-तीन महिने वेगळ्या खोलीत.

११. बरा होतोय हे कसं कळतं

आठवड्यातून एकदा, सकाळी, खाण्याआधी वजन. वहीत तारीख, ग्रॅम, शी झाली की नाही, काय खाल्लं. रोज वजन करून जीव टांगणीला लावू नका. चार घोट पाण्यानेही आकडा हलतो.

थरथर सहसा आधी थांबते, काही दिवसांत किंवा आठवड्यांत. जबडा घट्ट व्हायला महिने लागतात. एक्स-रेवर हाड पांढरं दिसायला आणखी वेळ. वाकलेली पाठ आणि आखडलेला जबडा तसेच राहतात, पण त्या वाकड्या पाठीने इग्वाना वर्षानुवर्षं मजेत जगतो. चांगल्या निगेत आयुष्य पंधरा-वीस वर्षांचं असतं.

स्वभावाचं मात्र उलटं असतं. आल्याआल्या जो मांडीवर निमूट पडून राहायचा त्याला लोक "माणसाळलेला" म्हणतात. तो माणसाळलेला नसतो, त्याच्यात पळायचा जीव नसतो. अंगात कॅल्शियम आणि अन्न गेलं की तो झालर फुगवतो, मान वर-खाली करतो, शेपटीचा फटका मारतो. पहिला फटका बसला की मी डॉक्टरांना आनंदाने कळवतो. ते वळ उठतात, म्हणून पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला.

काही बरे होत नाहीत. मूत्रपिंडं गेलेली असतील, किंवा पाठीचा कणा मोडून मागचं धड, शी आणि लघवी सगळं बंद पडलं असेल, तर व्हेटशी इच्छामरणाबद्दल मोकळेपणाने बोला. असा प्राणी महिनाभर सिरिंजवर तगवून ठेवण्यात त्याचं काहीच भलं नाही.

१२. पुढे कुठे राहणार

हा प्रश्न तब्येत सुधारल्यावर नव्हे, सुधारत असतानाच सोडवा. वाढलेल्या इग्वानाला निदान सहा फूट लांब, सहा फूट उंच आणि तीन फूट खोल जागा लागते, म्हणजे खोलीचा एक कोपरा कायमचा गेला. दोन नर एकत्र ठेवता येत नाहीत. विणीच्या काळात नर केशरी पडतो आणि ज्याच्या हातून खातो त्यालाही चावतो.

टेकडीवर, बागेत, तळ्याकाठी सोडणं हा पर्यायच नाही. इग्वाना मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. फ्लोरिडा, प्वेर्तो रिको आणि फिजीत सुटलेल्या इग्वानांनी काय केलं ते तिथली सरकारं अजून निस्तरत आहेत. आपल्या कोकणातल्या हवेत तो सहज तगेल.

दुसऱ्याला देणार असाल तर त्याच्या घरी जाऊन ट्यूब लावलेली बघा, थर्मामीटरवरचा आकडा बघा, मगच प्राणी द्या. सोबत वजनाची वही, एक्स-रे, व्हेटचा नंबर आणि तुमच्या नावावरच्या नोंदणीची प्रत द्या, आणि हस्तांतराची नोंद परिवेशवर त्याच आठवड्यात करून टाका.